नाकाच्या छतातली चाळणी

१९३७ च्या उन्हाळ्यात कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात पोलिओची मोठी साथ आली. त्या एका मोसमात अडीच हजारांवर रुग्ण नोंदले गेले. टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयात श्वासाचे स्नायू निकामी झालेल्या मुलांसाठी घाईघाईने 'लोखंडी फुप्फुसे' जोडली जात होती. त्याच शहरात नाक-कान-घशाचे डॉक्टर धडधाकट मुलांना रांगेत बसवून त्यांच्या नाकात एक फवारा मारत होते. एक टक्का झिंक सल्फेट, थोडे मीठ आणि झोंबू नये म्हणून बधिर करणारे औषध, असे ते द्रावण होते. तीन ते दहा वर्षांची सुमारे पाच हजार मुले या प्रयोगात होती. फवारा नाकाच्या तोंडाशी पडून भागणार नव्हते. तो वर, थेट छताला लागायला हवा होता. म्हणून हे काम आईवडिलांकडे न देता तज्ज्ञांवर सोपवले होते.

नाकाच्या छताशी असे काय असते? दोन डोळ्यांच्या मधोमध, कवटीच्या तळाशी हाडाची एक पातळ पट्टी असते. तिला बारीक बारीक भोके असतात. वासाच्या पेशींचे तंतू या भोकांमधून वर जातात आणि मेंदूच्या पुढच्या टोकाला असलेल्या घ्राणकंदात शिरतात. या पेशींचे एक टोक नाकातल्या हवेत उघडे असते आणि दुसरे टोक मेंदूत. बाहेरच्या जगाला मेंदू इतका उघडा दुसरीकडे कुठेही नाही. पोलिओचा विषाणू याच वाटेने आत जातो, अशी त्या काळच्या मोठमोठ्या संशोधकांची खात्री होती. ती वाट जस्ताने लिंपून बंद करायची, असा टोरांटोचा बेत होता.

या खात्रीचा उगम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत होता. तिथले संचालक सायमन फ्लेक्सनर यांनी १९०९ पासून पोलिओचा विषाणू माकडांमध्ये वाढवला. त्यांची माकडे होती ऱ्हीसस, म्हणजे आपल्या उत्तर हिंदुस्थानात गावोगावी दिसणारी लाल तोंडाची. या माकडांच्या तोंडावाटे विषाणू दिला तर त्यांना सहसा काही होत नसे. नाकात घातला की मात्र पक्षाघात होई. त्यातच फ्लेक्सनर यांचा विषाणू एका माकडाच्या मेंदूतून दुसऱ्याच्या मेंदूत वर्षानुवर्षे फिरवलेला होता, आणि त्याला चेतापेशींखेरीज दुसरे काही मानवेनासे झाले होते. १९३६ साली याच संस्थेत आल्बर्ट साबिन आणि पीटर ओलिट्स्की यांनी तो मानवी गर्भाच्या ऊतींवर वाढवून पाहिला. तो फक्त मेंदू-मज्जारज्जूच्या ऊतीत वाढला. मग शंकेला जागा उरली नाही. विषाणू नाकातून येतो, घ्राणतंतू धरून मेंदूत चढतो आणि तिथून मज्जारज्जूत उतरतो, हे पाठ्यपुस्तकातले सत्य होऊन बसले.

हा रस्ता अगदीच काल्पनिक नव्हता, हेही सांगायला हवे. ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ ल ग्रो क्लार्क यांनी १९२९ मध्ये सशांच्या नाकात निळे रंगद्रव्य घालून ते मेंदूच्या आवरणांपर्यंत कसे पोचते ते दाखवले होते. स्टॅनफर्डमध्ये माकडांच्या नाकात झिंक सल्फेट मारल्यावर ती पोलिओपासून वाचत होती. १९३६ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य सेवेतले चार्ल्स आर्मस्ट्राँग यांनी अलाबामाच्या साथीत तुरटी आणि पिक्रिक ॲसिडचा फवारा लोकांना वापरायला दिला. टोरांटोची मोहीम या सगळ्याच्या पुढचे पाऊल होते. तिच्यात फवारा न मारलेल्या मुलांचा गट तुलनेला ठेवला होता आणि हिशोब प्रामाणिकपणे मांडला गेला. फवारा मारलेल्या आणि न मारलेल्या मुलांमध्ये पोलिओचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. फरक एवढाच पडला की फवारा मारलेल्यांपैकी काही मुलांचा वास गेला, आणि काहींचा परत आलाच नाही.

पोलिओत मेलेल्या माणसांचे घ्राणकंद साबिन यांनीच पुढे तपासले. त्यांत रोगाच्या खुणा नव्हत्या. १९४१ साली त्यांनी रॉबर्ट वॉर्ड यांच्यासह मृतांच्या शरीरांतले निरनिराळे भाग तपासून विषाणूचा ठावठिकाणा लावला. तो आतड्यांत होता, नाकात नव्हता. पोलिओ पोटावाटे येणारा आजार ठरला आणि त्यातूनच तोंडावाटे द्यायच्या लशीचा मार्ग निघाला. आपल्याकडे पल्स पोलिओच्या रविवारी बाळाच्या तोंडात जे दोन थेंब पडत आले, ते नाकात पडत नाहीत यामागे हा इतिहास आहे. तीस वर्षे एका प्रतिष्ठित संस्थेने ऱ्हीसस माकडाच्या नाकाला माणसाचे नाक मानले होते.

आता दुसरे टोक पकडू. नाकाची वाट बंद करण्याचे प्रयत्न चालू होते, त्याच्या आधीपासून युरोपात वेगळेच कोडे सुटत होते. १८८५ मध्ये बर्लिनमध्ये पाउल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. काळीज, यकृत, मूत्रपिंड, स्नायू सगळे रंगले. मेंदू कोराच राहिला. एर्लिख म्हणाले, मेंदूच्या ऊतीला या रंगांची ओढच नसेल. हा तर्क चुकीचा ठरवला फ्रायबुर्गचे शल्यचिकित्सक एडविन गोल्डमान यांनी. १९१३ मध्ये त्यांनी ट्रिपॅन ब्लू नावाचा रंग रक्ताऐवजी मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडला. या वेळी मेंदू निळा झाला आणि बाकी शरीर कोरे राहिले. म्हणजे मेंदूला रंगाचे वावडे नव्हते. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी उभे होते.

त्या 'काहीतरी'ला नाव दिले लीना श्टेर्न या बाईंनी. त्यांच्यावर थोडे थांबायलाच हवे. आपल्याकडच्या वैद्यकाच्या पुस्तकांत रक्त-मेंदू अडसराचा धडा असतो, पण त्यात या बाईंचे नाव क्वचितच भेटते. रशियन साम्राज्यातल्या बाल्टिक किनाऱ्यावरच्या ज्यू घरात १८७८ मध्ये त्या जन्मल्या. स्त्रियांना शिकू देणाऱ्या जिनिव्हा विद्यापीठात त्या शिकल्या आणि १९१८ मध्ये तिथल्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. १९२१ साली रेमों गोतिए यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगांत त्यांनी रक्तात टोचलेले पदार्थ मेंदूच्या पाण्यात उतरतात की नाही, हे एकेक करून तपासले. काही उतरत, पुष्कळसे उतरत नसत. ही नुसती भिंत नसून निवड करणारी यंत्रणा आहे, हे त्यांनी ओळखले. १९२५ मध्ये चांगली नोकरी सोडून त्या सोव्हिएत रशियात गेल्या. त्या विचारांनी समाजवादी होत्या आणि नव्या देशाला शास्त्रज्ञ हवे होते. १९३९ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या त्या पहिल्या महिला पूर्ण सदस्य झाल्या. १९४३ मध्ये त्यांना स्टालिन पारितोषिक मिळाले.

महायुद्धानंतर स्ट्रेप्टोमायसिन आले. क्षयाचा मेंदूज्वर झालेले मूल तोवर हमखास दगावत असे. हे औषध रक्तातून मेंदूत पुरेसे उतरत नाही, हे श्टेर्न यांना कळत होते. त्यांनी अमेरिकेहून मिळवलेले स्ट्रेप्टोमायसिन थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात टोचायला सुरुवात केली आणि मुले वाचू लागली. मोबदल्यात काय मिळाले? १९४८ मध्ये त्यांची संस्था गेली. ज्यू फॅसिस्टविरोधी समितीच्या सदस्य असल्याबद्दल १९४९ मध्ये त्यांना अटक झाली. १९५२ मध्ये गुप्त खटला चालला. १२ ऑगस्ट १९५२ ला समितीच्या तेरा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. वाचल्या त्या त्र्याहत्तर वर्षांच्या लीना श्टेर्न, कझाकस्तानात हद्दपारीची शिक्षा होऊन. स्टालिन मेल्यावर त्या मॉस्कोला परतल्या, पुन्हा प्रयोगशाळेत बसल्या आणि १९६८ मध्ये वारल्या. मेंदूपर्यंत औषध न्यायचे तर अडसराला वळसा घालावा लागेल, हा विचार रुग्णाच्या उशाशी नेला तो या बाईंनी. पुढच्या सगळ्या खटाटोपाचे मूळ मी तिथे मानतो.

अडसर नेमका कुठे आहे ते १९६७ मध्ये दिसले. टॉम रीस आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी उंदरांच्या रक्तात एक मोठे प्रथिन सोडून मेंदू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मेंदूच्या केशवाहिन्यांना आतून अस्तर देणाऱ्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या होत्या की प्रथिन फटीतून सरकूच शकत नव्हते. त्याच सुमारास पार्किन्सनच्या रुग्णांना लेव्होडोपा मिळू लागले. या आजारात मेंदूत डोपामिन कमी पडते, पण डोपामिन टोचून उपयोग नसतो, कारण ते अडसर ओलांडत नाही. त्याचे पूर्वरूप असलेले लेव्होडोपा मात्र अमिनो आम्लांसाठी ठेवलेल्या वाहतुकीच्या सोयीने आत जाते. असे नशीब फार थोड्या औषधांचे असते. लॉस एंजेलिसचे विल्यम पार्ड्रिज यांनी केलेला अंदाज या क्षेत्रात सतत सांगितला जातो. लहान रेणूंच्या औषधांपैकी सुमारे ९८ टक्के मेंदूत उतरत नाहीत, आणि प्रथिनांसारखी मोठ्या रेणूंची औषधे जवळजवळ एकही नाही. अल्झायमर, अपस्मार, मेंदूतली गाठ, कोणत्याही वॉर्डात जा, वैद्यांची गाठ शेवटी या आकड्याशी पडते.

आणि आता दोन्ही टोके जुळतात. जी वाट बुजवण्यासाठी मुलांच्या नाकात जस्त मारले गेले, तीच वाट औषधासाठी उघडता येईल का?

भारतीय वाचकाला इथे नस्य आठवेल. आयुर्वेदाच्या पंचकर्मांत नाकात तेल-तूप सोडणे आहे आणि नाकाला डोक्याचे दार मानलेले आहे. या विषयावरच्या इंग्रजी शोधनिबंधांतही, विशेषतः आपल्याकडच्या, पहिल्या परिच्छेदात नस्याचा उल्लेख करण्याची पद्धत पडली आहे. त्या निरीक्षणाचे मोल आहे. मात्र रक्त-मेंदू अडसर किंवा घ्राणतंतू आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, असे त्यातून सिद्ध होत नाही. तसे म्हणणारे ना चरकाला न्याय देतात, ना एर्लिखला.

अतिसूक्ष्म कण नाकातून मेंदूत गेलेला प्रत्यक्ष दिसला तो १९७० मध्ये. जॉन्स हॉपकिन्सच्या दे लोरेन्झो यांनी दक्षिण अमेरिकेतल्या स्क्विरल माकडांच्या नाकात सोन्याचे, चांदीचा मुलामा दिलेले, सुमारे ५० नॅनोमीटरचे कण सोडले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तासाभराच्या आत ते कण घ्राणतंतूंच्या आतून प्रवास करत घ्राणकंदात पोचलेले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपले. 'नॅनोतंत्रज्ञान' या नावाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. या प्रयोगाचा औषधासाठी उपयोग करावा असे पुढची जवळजवळ वीस वर्षे कुणी मनावर घेतले नाही. दे लोरेन्झो यांचा प्रश्नही औषधाचा नव्हता. विषाणू कसे जातात, हीच जुनी चिंता त्यामागे होती.

मनावर घेतले मिनेसोटातल्या सेंट पॉल इथले विल्यम फ्रे यांनी. अल्झायमरवर काम करताना त्यांना चेतापेशी जगवणारी प्रथिने मेंदूत पोचवायची होती. १९८९ मध्ये त्यांनी नाकावाटे मेंदूत औषध देण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकन पेटंट हाती पडायला १९९७ उजाडले. सुरुवातीला त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. पुढे त्यांच्या गटाने दाखवले की घ्राणतंतूंखेरीज चेहऱ्याला संवेदना देणारी ट्रायजेमिनल नसही या कामी येते. तिच्या शाखा नाकात पसरलेल्या असतात आणि दुसरे टोक मेंदूच्या मागच्या भागात असते. हे प्रयोग अर्थातच उंदरांवर झाले.

माणसातला मोठा पुरावा २००२ मध्ये जर्मनीतून आला. ल्यूबेकच्या यान बोर्न यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात इन्सुलिन आणि आणखी दोन पेप्टाइडे फवारली आणि पाठीच्या कण्यात बसवलेल्या बारीक नळीतून पाणी काढत राहिले. अर्ध्या तासात ती औषधे पाण्यात वाढलेली आढळली आणि रक्तातली साखर मात्र हलली नाही. या बातमीने खळबळ उडाली. पुढल्याच वर्षी नेदरलँड्समधून थंड पाण्याचा हबका आला. शस्त्रक्रियेनंतर मेंदूतले पाणी नळीने बाहेर काढले जात असलेल्या रुग्णांना फ्रान्स मेर्कुस आणि सहकाऱ्यांनी मेलाटोनिन आणि ब-१२ चे एक रूप एकदा नाकातून आणि एकदा शिरेतून दिले. नाकाने काहीच जास्त दिले नाही. जे पोचले ते रक्तावाटेच पोचले होते. नॉटिंगहॅमच्या लिस्बेथ इलुम या नाकावाटे औषध देण्याच्या शास्त्रातल्या नामवंत संशोधक. त्यांनी २००४ मध्ये लेख लिहून सरळच विचारले, की नाकातून मेंदूकडे ही वाहतूक माणसात खरोखर होते का? उंदरातला पुरावा भक्कम आहे, माणसातला तुटपुंजा, असा त्यांचा सूर होता.

नॅनोकणांची गोष्ट या दरम्यान वेगळ्याच रस्त्याने चालली होती. झुरिकमध्ये पेटर श्पायझर यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस औषध किंवा लस भरलेले अतिसूक्ष्म कण बनवायला सुरुवात झाली. तिथे शिकलेले यॉर्ग क्रॉयटर पुढे फ्रँकफुर्टला गेले आणि १९९५ मध्ये त्यांनी रशियन सहकाऱ्यांसह एक धक्का दिला. डालार्जिन नावाचे वेदनाशामक पेप्टाइड नुसते शिरेत दिले तर मेंदूत जात नाही. ते एका प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या कणांवर चढवून, वरून पॉलिसॉर्बेट ८० चा थर देऊन उंदरांना टोचले, तर उंदरांना वेदना कमी जाणवू लागल्या. कण स्वतःच्या पाठीवर औषध घेऊन अडसर ओलांडू शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा पटले. यापुढे कुणीतरी कण आणि नाक एकत्र आणणार हे ठरलेलेच होते.

ते एकत्र आणण्यात भारतातल्या औषधनिर्माण महाविद्यालयांचा वाटा खरोखर मोठा आहे. या विषयावरचे निबंध चाळले की बडोदा, दिल्ली, मुंबई, शिरपूर ही नावे पुन्हा पुन्हा भेटतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अंबिकानंदन मिश्रा आणि तुषार व्यास यांनी २००५-०६ च्या सुमारास अर्धशिशीवरचे सुमाट्रिप्टान आणि झटक्यांवरचे क्लोनाझेपाम अतिसूक्ष्म तेलथेंबांत भरले, थेंब नाकात चिकटून राहावेत अशी सोय केली आणि किरणोत्सारी टेक्निशियमची खूण लावून ते प्राण्यांच्या मेंदूत किती पोचते ते मोजले. किरणांचे काम दिल्लीच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या साथीने झाले. नुसत्या द्रावणापेक्षा थेंबांतले औषध मेंदूत जास्त पोचले. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या आर. सी. पटेल महाविद्यालयातून २०१४ मध्ये सॅक्विनाव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाच्या नॅनोथेंबांचे काम प्रसिद्ध झाले. त्याचा हेतू नेमका होता. एचआयव्ही मेंदूत दडून बसतो आणि गोळ्या तिथवर पुरेशा पोचत नाहीत. असल्या कामाला महागडी यंत्रे कमी आणि चिकाटी जास्त लागते, म्हणूनही ते आपल्याकडे रुजले असावे.

कण नेमके करतो काय? तीन कामे. नाकातली विकरे औषधाला फोडतात, त्यापासून तो त्याला झाकतो. पाण्यात न विरघळणारे औषध तो तेलाच्या पोटात वागवतो. आणि नाक त्याला बाहेर फेकण्याआधी तो थोडा वेळ काढून देतो. हे तिसरे काम सर्वांत अवघड. नाकाच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस शेंबडाचा थर सतत घशाकडे ढकलत असतात. पंधरा-वीस मिनिटांत नाकात पडलेली बहुतेक वस्तू गिळली जाते. म्हणून कणांना कायटोसानचा लेप देतात. कोळंबी आणि खेकड्याच्या कवचापासून मिळणारा हा पदार्थ शेंबडाला चिकटतो आणि पेशींचे सांधे तात्पुरते सैल करतो. त्याचा नाकासाठीचा उपयोग पुढे आणण्यात वर आलेल्या इलुमबाईंचाच हात होता.

पण इथे एक अडचण आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. घ्राणतंतू सरासरी २०० नॅनोमीटरच्या आसपास जाडीचे असतात, शरीरातल्या सर्वांत बारीक तंतूंपैकी. प्रयोगशाळांत बनणारे कितीतरी कण १०० ते २०० नॅनोमीटरचे असतात. ते अखंड तंतूतून कसे जाणार? बहुतेक निबंधांत मेंदूत मोजलेले असते ते औषध, कण नव्हे. कण नाकातच फुटून औषध पुढे गेले असले तरी आकडा तोच येतो. म्हणजे 'नॅनोकणांनी औषध मेंदूत नेले' हे वाक्य पुष्कळदा सिद्ध झालेल्यापेक्षा जास्त बोलते. कण नाकातच उत्तम काम करतो, एवढेही खरे असले तर ते कमी नाही. पण मग तेवढेच म्हणावे.

त्याहून मोठी अडचण फ्लेक्सनर यांच्या वेळचीच आहे. उंदराच्या नाकाचा जवळजवळ अर्धा पृष्ठभाग वास घेण्याच्या अस्तराने व्यापलेला असतो. माणसात ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असते, आणि तेही अगदी वर, अरुंद फटीच्या पलीकडे. बाजारातला साधा फवारा मारला की बहुतेक द्रव नाकाच्या पुढच्या भागातच बसतो. उंदराला भूल देऊन, उताणा ठेवून, थेंब थेंब औषध सोडले जाते. माणसाच्या एका नाकपुडीत दीडशे-दोनशे मायक्रोलिटरपेक्षा जास्त घातले तर ते ओघळून जाते. टोरांटोच्या डॉक्टरांना छत गाठणे किती अवघड आहे ते १९३७ मध्ये कळले होते. आजचा प्रश्न त्याच ठिकाणी आहे.

याची किंमत अमेरिकेने एका मोठ्या चाचणीत मोजली. सुझन क्राफ्ट यांच्या आधीच्या, शंभरएक रुग्णांच्या चाचणीत नाकातले इन्सुलिन स्मृती थोडी सावरते असे दिसले होते. मग २८९ जणांची, बारा महिन्यांची चाचणी झाली, तीही साध्या इन्सुलिनची. फवारा मारायचे पहिले यंत्र भरवशाने चालेना. ४९ जणांनंतर ते बदलून दुसरे आणावे लागले आणि उरलेल्या २४० जणांना ते दिले. २०२० मध्ये निकाल आला. दुसऱ्या यंत्राच्या गटात इन्सुलिनने स्मृतीत किंवा रोजच्या व्यवहारात काही फायदा झाला नाही. औषध हरले की यंत्र, यावर अजून वाद आहे. माझ्या मते, औषध वाटेत किती गळते हे न मोजता ते वाटणे हाच त्या चाचणीचा कच्चा दुवा होता.

तरीही माणसात ही वाट नाहीच, असे कुणी म्हणू लागला तर त्याला नेग्लेरिया दाखवावा. ऑस्ट्रेलियात १९६५ मध्ये माल्कम फाउलर आणि रॉडनी कार्टर यांनी वर्णन केलेला हा अमीबा साचलेल्या कोमट पाण्यातून नाकात जातो, त्याच चाळणीतून वर चढतो आणि काही दिवसांत माणूस मारतो. अलीकडे केरळातल्या रुग्णांमुळे हे नाव आपल्याही वर्तमानपत्रांत आले. अमीबा औषधासारखा निमूट बसत नाही, स्वतः चालतो, ऊती खात पुढे सरकतो. पण वाट आहे, हे त्याने पुरते सिद्ध केले आहे.

आणि न बोलावलेले नॅनोकणही त्याच वाटेवर असतात. रोचेस्टरचे ग्युंटर ओबरडोर्स्टर यांनी २००४ मध्ये उंदरांना सुमारे ३६ नॅनोमीटरच्या कार्बन कणांच्या हवेत सहा तास ठेवले. पुढचा आठवडाभर घ्राणकंदातले कार्बनचे प्रमाण वाढत राहिले. २०१६ मध्ये लँकेस्टरच्या बार्बरा माहेर आणि सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरच्या ३७ मृतांच्या मेंदूंतून मॅग्नेटाइटचे गोल गोल कण काढले. असे गोल कण शरीरात तयार होणाऱ्या मॅग्नेटाइटसारखे नसतात. उच्च तापमानात जळणाऱ्या इंधनातून ते निघतात. ते नाकावाटेच आत गेले असे ठामपणे कुणी म्हणत नाही, पण संशय तिथेच आहे. औषधाचा कण नाकात सोडताना हा प्रश्न सुटत नाही: जो कण वाहक म्हणून आत जाईल, तो काम झाल्यावर कुठे जाईल? विरघळणाऱ्या चरबीच्या कणांचे उत्तर सोपे आहे, धातूच्या कणांचे नाही.

विस्मरणाचा एक नमुना तर सांगितलाच पाहिजे. जस्ताने वास जातो हे १९३७ मध्ये टोरांटोने जगाला लिहून दिले होते. तरी पुढच्या शतकात अमेरिकेत सर्दीवर नाकात लावायचे जस्ताचे जेल 'झायकॅम' या नावाने दुकानांत विनाचिठ्ठी विकले जात होते. वास गेल्याच्या १३० हून अधिक तक्रारी आल्यावर २००९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते वापरू नका असे जाहीर केले. बहात्तर वर्षांत नाक तेच राहिले होते.

आज नाकात मारायची कितीतरी औषधे मेंदूच्या विकारांवर मिळतात. झटका थांबवणारे मिडाझोलॅम, नैराश्यावरचे एस्केटामिन, अर्धशिशीवरचे सुमाट्रिप्टान. यांतली बहुतेक नाकाच्या रक्तवाहिन्यांतून रक्तात आणि तिथून मेंदूत जातात. ती अडसर ओलांडू शकणारी औषधे आहेत आणि नाकाचा फायदा म्हणजे फक्त घाई. नॅनोकणांत भरलेले, घ्राणतंतूंच्या वाटेने मेंदूत जाणारे म्हणून मंजूर झालेले औषध मात्र एकही नाही. उंदरांवरच्या निबंधांचे ढीग आहेत. माणसांवरच्या चाचण्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या आहेत.

त्यामुळे 'नाकात दोन थेंब आणि अल्झायमर बरा' असा मथळा तुमच्या वाचनात आला तर बातमीत दोन गोष्टी शोधा. नाक उंदराचे होते की माणसाचे, आणि मेंदूत मोजले ते काय, कण की नुसते औषध. बहुतेक बातम्यांत पहिल्याच प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या परिच्छेदात सापडते. घरातल्या आजारी माणसाच्या गोळ्या तोवर बंद करू नका, आणि 'नॅनो' लिहिलेली कोणतीही बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाकाशी नेऊ नका.